बोट लागलेला खडक

प्रयोगशाळेत तिला सगळे टापटीपबाई म्हणत. तिचं काम काचेवर खडक घडवायचं. खऱ्या खडकातली बारीक भोकं आणि वाटा साच्यात उतरवायच्या, त्यावर पारदर्शक रबर ओतायचं, भट्टीत घट्ट झालं की सोलून काचेला चिकटवायचं. मग त्या केसाएवढ्या वाटांत तेल भरायचं, मागून पाणी सोडायचं आणि तेल कुठे अडतं ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं.

पंचाईत अशी, की तिच्या खडकात तेल अडतच नसे. धुळीचा कण नाही, बुडबुडा नाही. पाणी शिरलं की तेल निमूट बाहेर. जमिनीखालचं तेल इतकं शहाणं नसतं.

"फारच चांगलं बनवतेस तू!" सर वैतागून म्हणाले.

तिला ते कौतुक वाटलं. तिने सफाई आणखी वाढवली.

एका दुपारी काच चिकटवायच्या ऐन वेळी आईचा फोन आला. मावशीशी वाजलं होतं. टापटीपबाईने हातमोजा काढला आणि "हो गं, चूक मावशीचीच," म्हणता म्हणता उघडं बोट काचेवर फिरवलं. ध्यानात आलं तेव्हा काच चिकटली होती.

टाकून देण्याआधी तिने सहज त्यात तेल भरून पाहिलं. बोटाचा तेलकटपणा जिथे लागला होता, तिथे तेलाने ठाण मांडलं. पाणी वळसा घालून निघून गेलं. खऱ्या खडकात होतं तस्संच!

सर खुर्चीतून उठलेच. "अशाच आणखी बनव!"

इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. मुद्दाम लावलेलं बोट काही तसं उमटेना. शेवटी तिने आईला फोन लावला.

"आई, मावशीचं काय झालं पुढे?"

"आमचं कधीच मिटलं. तू कशाला उकरून काढतेस?"

पुष्कळ खटपटीनंतर दोन-तीन काचा जमल्या. शोधनिबंधात सरांनी लिहिलं, 'नियंत्रित तैललेपन'. तिने ते खोडून 'बोट लागले' केलं.

"लोक हसतील गं."

"हसू देत, सर. झालं तर तेच ना?"

सरांनी निबंध तसाच नियतकालिकाकडे धाडला.

तिथला परीक्षक हसला नाही. त्याने गंभीरपणे विचारलं होतं: कोणतं बोट, आणि किती दाबून?

तिने बराच वेळ दोन्ही हातांकडे पाहिलं आणि उत्तर लिहिलं, 'आठवत नाही. शोधते आहे.'