खंडेनवमीचा चुंबक

लग्न होऊन पिंपळे गुरवात आल्यापासून सुमनताईंना एकच गोष्ट खुपत होती. नवऱ्याचं, कोंडीरामचं, गॅरेज घराला लागूनच होतं आणि तिथं त्यांना मज्जाव होता. "बायकांचं हितं काय काम?" एवढ्या एका वाक्यावर त्या माणसाने अख्खा संसार रेटला. पुढे त्याचे गुडघे गेले, गॅरेज मुलीच्या ताब्यात आलं आणि विजयश्रीने पहिल्याच दिवशी आईसाठी आत एक स्टूल मांडलं. अट एकच घातली, "काहीही विचार, पण न विचारता कशाला हात लावायचा नाही." सुमनताई स्टुलावर बसल्या आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. मुलीने त्यांना कधी "गप्प बस" म्हटलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

विजयश्री चाकणच्या एका कंपनीत इंजिनं तपासायच्या कामाला होती. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिच्याच शिफ्टचा प्रीतम, हा मूळ लातूरकडचा, एका जुन्या गाडीच्या मागे लागले होते. गाडीचा मूळचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, काढून टाकायचा आणि ठिणगी-पेट्रोलचा सगळा कारभार बाहेरून आणलेल्या नव्या कॉम्प्युटरकडे द्यायचा, असा बेत होता. डिस्ट्रिब्युटरच्या रिकाम्या जागी कॅमशाफ्टचा सेन्सर बसणार होता.

"क्रँकला एक सेन्सर हाय की," सुमनताई म्हणाल्या. "मग ह्यो दुसरा कशापायी?"

"क्रँक म्हणजे पिस्टनने फिरणारा दांडा, त्यावरून पिस्टन कुठं आहे ते कळतं," विजयश्री म्हणाली. "पण इंजिनाचं एक काम क्रँकच्या दोन फेऱ्यांत होतं. पिस्टन वर आला तो ठिणगीसाठी आला की धूर ढकलायला, ते क्रँकला सांगता येत नाही. घड्याळात सात वाजलेत, पण सकाळचे की रात्रीचे, तसं. कॅमशाफ्ट मात्र दोन फेऱ्यांत एकदाच फिरतो. त्याच्या चकतीत हा एवढासा चुंबक बसवायचा. तो समोरून गेला की सेन्सर सांगतो, सकाळ झाली."

सुमनताईंना हे इतकं आवडलं, की जेवताना त्यांनी ते सगळं कोंडीरामला ऐकवलं. तो "व्हय का" म्हणाला आणि त्याने आमटी मागितली.

खंडेनवमीला हत्यारं पुसून पाटावर मांडायचं काम सुमनताईंचंच. विजयश्रीने पान्यांबरोबर ती चकतीही पूजेला आणून दिली. "चुंबकाचा स्क्रू आवळायचा राहिलाय, सांभाळून," एवढं बजावून ती फुलं आणायला गेली. चकतीवरचं तेल पुसताना चुंबक टपकन तळहातावर पडला. बघायला कोणी नव्हतं, आणि जित्याची खोड काही जात नाही. सुमनताईंनी तो विळीला चिकटवून पाहिला, मग अडकित्त्याला. देव्हाऱ्याच्या दाराला एक चुंबक होता, त्याच्याजवळ नेला तर तो झपकन चिकटला. उलटा धरला तर चक्क पळून जायला लागला! पुन्हा सुलटा, पुन्हा उलटा. चहा गार झाला तरी त्यांचं मन भरेना. एवढ्यात दारात चपला वाजल्या. त्यांनी घाईघाईने चुंबक भोकात सारला, चकतीला हळद-कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं.

दसऱ्याला सकाळी विजयश्रीने स्क्रू आवळून चकती गाडीवर चढवली आणि चावी फिरवली. इंजिन नुसतंच कण्हत राहिलं. लॅपटॉपवर क्रँकचा सिग्नल व्यवस्थित येत होता, कॅमची रेघ मात्र सपाट. तिने आणि प्रीतमने सेन्सर बदलला, वायरी चाचपल्या, मग पुन्हा पहिलाच सेन्सर लावला. दुपार झाली तशी विजयश्री तापली.

"तूच कनेक्टरच्या वायरी उलट्यासुलट्या केल्यास."

"तीनदा बघितलोय मी," प्रीतम म्हणाला.

"मग चौथ्यांदा बघ! तुझं सगळीकडं असंच असतं. हाताखालचं काम नीट करायचं नाही आणि वर तोंड करायचं."

प्रीतमचा चेहरा पडला. तो आपले पाने पिशवीत भरू लागला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते सुमनताईंच्या मनात केव्हाच पडलं होतं. चुंबकाला दोन तोंडं असतात हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं, पण भोकात सारताना कुठलं तोंड वर आलं ते कुणी पाहिलं? बोललं तर मोडलेली अट उघडी पडणार आणि पुन्हा स्वयंपाकघर. गप्प बसलं तर हे परक्या मुलखातलं गुणी पोर खोटा ठपका घेऊन जाणार. त्यांना खरोखर भीती वाटली. त्या स्टुलावरून उठल्या.

"थांब रं पोरा. तुझी चूक न्हाई. त्यो चुंबक मी काढला व्हता."

विळीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं. प्रीतमचे हात थांबले.

"हा सेन्सर चुंबकाचं एकच तोंड ओळखतो," तो हळूच म्हणाला.

"आई, अट काय होती आपली?" विजयश्रीचा आवाज चढला. "विचारलं का नाहीस? सांगितलं असतं ना मी!"

"सांगितलं असतंस गं. तू समदंच सांगतीस," सुमनताई म्हणाल्या. "पन ह्ये मला कुनी सांगायला नको व्हतं. माझं मला बघायचं व्हतं."

विजयश्रीने हातातला पाना खाली ठेवला. मग प्रीतमकडे वळून म्हणाली, "चुकलं माझं. नको ते बोलले." हे म्हणणं तिला जड गेलं, पण तिने म्हटलं. चकती उतरवून तिने स्क्रू सैल केला आणि चुंबक आईच्या तळहातावर ठेवला. "तूच बसव. या खेपेला दुसऱ्या तोंडाने."

सुमनताईंनी तो उलटवून नीट बसवला. चकती पुन्हा जागेवर गेली. चावी फिरली, लॅपटॉपवरच्या सपाट रेघेने उडी घेतली आणि इंजिन धडधडत सुरू झालं. सुमनताईंना रडू आलं आणि त्यांनी ते पुसायचीही तसदी घेतली नाही.

"विजू," त्या इंजिनाच्या आवाजावरून ओरडल्या, "आता चालू गाडीतच त्या सेन्सरची वायर काढली, तर बंद पडंल का गं?"

विजयश्रीने लॅपटॉपकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. "माहीत नाही," ती म्हणाली.

"काकू, नका!" प्रीतम ओरडला.

तोवर दोघी बॉनेटखाली वाकल्या होत्या.