जात्याची वरची तळी

मारूनं पहार खांद्यावर टाकून डोंगराची वाट धरली, तशी नागुबाईनं मागून भावाचा सदरा पकडला.

"दादा, तिकडं जाऊ नको."

तिची लेक चांगुणा काल गेली होती. गोंडांच्या त्या वस्तीत गेलेल्या माणसाच्या उशाला डोंगराचा धोंडा मांडतात. त्याशिवाय जिवाला ठिकाण लाभत नाही, बिचारा वेशीबाहेर भटकत राहतो, ही वाडवडिलांची रीत. पण त्याच डोंगरावर कंत्राटदाराचा डोळा! किनवट नवा जिल्हा होणार म्हणे, रस्ते होणार, कचेऱ्या होणार, मग खडी नको का? आणि एवढ्या दुष्काळात वस्तीला जगवणारा झरा डोंगराच्या पायथ्याशी, त्याचं काय? बायकांनी वाटेत आडव्या बसून मशिनी परत धाडल्या. त्या दिवशी झऱ्याचं पाणी ओंजळीत धरून सगळ्यांना शपथ घालणारी ही नागुबाईच, की आपणसुद्धा डोंगराचा सुटा धोंडाही हलवायचा नाही.

कंत्राटदार कसला गप बसतो? त्यानं आडवा चर खणून वस्तीची सडक तोडली. बाजार तुटला, डिझेलवाचून गिरणी बंद पडली. आता धोंडे खातील, असं तो हसून म्हणाला म्हणे. मेल्याला काय ठाऊक! नागुबाईनं अडगळीतलं जातं काढलं. मायलेकी पहाटे समोरासमोर बसून अख्ख्या वस्तीचं दळू लागल्या. खुंट्यावर वरचा हात चांगुणाचा, खालचा आईचा.

मग चांगुणाला ताप भरला. जीप येईना, म्हणून चौघांनी बाजेवर घालून रानातून नेली. दवाखाना लांब होता, पोरीचा दम तोकडा पडला.

"एका धोंड्यानं काय बिघडतंय?" मारू सदरा सोडवत म्हणाला. "गाव काय बी म्हनायचं न्हाई."

"गाव न्हाई म्हनायचं. पर त्यो कंत्राटदार म्हनंल, तुमीच फोडून राहिले की डोंगर. मग कोन्या तोंडानं आडवं बसू?"

ती घरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मारू आत डोकावला. पदर दातात धरून ती जात्याची वरची तळी उचलू बघत होती, आणि तळी काही हलत नव्हती.

"अगं, लोकायचं दळन?"

"उखळात कांडू. कण्या खाऊ." मग हळूच म्हणाली, "ही बी त्याच डोंगराची हाय. शपथंच्या आधीची."

मारूनं पहार खाली ठेवली. त्यानं तळी उराशी धरली आणि मसणवटीपर्यंत तो रडतच गेला.

ताज्या मातीवर, उशाच्या अंगाला, त्यानं तळी ठेवली. लाकडी खुंटा तसाच वर आला होता. ते बरं दिसेना म्हणून तो खुंटा ठोकून काढायला वाकला.

"राहू दे," मागोमाग आलेली नागुबाई म्हणाली.

दळायला बसावं तशी ती एक पाय लांब करून तळीशी बसली. तिनं खुंटा खालून धरला. वरची जागा मोकळी ठेवली.