कुत्रा सुखरूप, सोफा नाही

मी सोफा बोलतोय. तपकिरी चौकड्यांचा, दोन माणसांचा, हार्लन आणि मार्लिस व्हॉगल यांच्या बैठकीच्या खोलीतला. इतकी वर्षं गप्प बसलो. सोफ्याने दुसरं करायचं काय? लोक अंगावर बसतात, कॉफी सांडतात, घोरतात आणि वर म्हणतात, "जरा मऊ असता तर बरं झालं असतं." पण या ऑक्टोबरात जे झालं, त्यानंतर मला राहवत नाही.

जन्म माझा नॉर्थ कॅरोलायनातला. ओक लाकडाचा सांगाडा, आत पक्क्या स्प्रिंगा, आणि वरचं कापड शिवलं एका चष्मेवाल्या बाईने. शेवटचा टाका घालून तिने मला थोपटलं आणि म्हणाली, "जा बाबा, चांगल्या घरी पड." मी पडलो आयोवात. घर चांगलंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते ऑक्टोबरबद्दल.

दुकानात लोक माझ्यावर उड्या मारून बघायचे. मार्लिसने उडी मारली नाही. तिने बूट काढले, पाय पोटाशी घेऊन बसली आणि म्हणाली, "हाच."

हार्लन म्हणाला, "अगं, दोन वेगळ्या खुर्च्या घेऊ या ना. मोकळं बसता येईल."

"आणि भुताचा सिनेमा लागला की तू कुणाच्या मांडीवर चढणार?"

विकणारा माणूस हसला. हार्लन कानापर्यंत लाल झाला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मार्लिसला भुताखेतांच्या सिनेमांचं भारी वेड. वर्षभर ती ऑक्टोबरची वाट बघते. एकतीस दिवसांत एकतीस सिनेमे, हा तिचा नेम. बाहेर मक्याची शेतं कापून होतात, शेजारचा मनुष्य हॅलोविनसाठी अंगणात प्लास्टिकचा बारा फुटी सांगाडा उभा करतो, आणि आमच्याकडे मार्लिस मांडीवर गोळ्यांचा वाडगा घेऊन बसते. त्या मक्याच्या दाण्यांसारख्या दिसणाऱ्या गोड गोळ्या. त्यातल्या निम्म्या तिच्या पोटात जातात, निम्म्या माझ्या.

एकदा चर्चमधल्या जेवणावळीत गावच्या साप्ताहिकाचा संपादक म्हणाला, "हॅलोविनसाठी कुणी सिनेमांची परीक्षणं लिहील का?" मार्लिसने हात वर केला. स्वतःचा नाही, हार्लनचा! धरला आणि उंच केला. ती प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात कामाला. पोरांना सशाच्या गोष्टी वाचून दाखवणारी बाई घरी कुऱ्हाडीने मुंडकी उडवणारे सिनेमे बघते म्हटल्यावर आईबापांनी शाळा डोक्यावर घेतली असती. हार्लन पोस्टमन. पोस्टमनने काय बघावं याला कुणाची हरकत नव्हती. हरकत एकच होती. हार्लन भित्रा होता.

भित्रा म्हणजे किती? संगीत जरा चढलं की पिवळी उशी तोंडावर. डावा हात माझ्या हातावर, आणि त्या हाताची पाचही नखं माझ्या कापडात. मार्लिस शांतपणे गोळ्या चघळत सांगत राहायची, "आता दार उघडलं. आता ती तळघरात उतरली. मूर्ख कुठली! आता मागे कुणीतरी उभं आहे. आता गेलं तिचं डोकं. हं, झालं, उघड डोळे." मग हा डोळे उघडायचा, घाम पुसायचा आणि वहीत लिहायचा, 'या प्रसंगाला मला हसू आवरलं नाही.'

हसू! अहो, माझ्या हाताला भोकं पडली होती!

सदराचं नाव होतं 'हार्लन घाबरत नाही'. सोबत फोटो, हाताची घडी घालून, एक भुवई वर. लिहायचा काय, तर 'मध्यरात्री, सगळे दिवे मालवून मी हा सिनेमा पाहिला.' खोटं! कामावरून आल्या आल्या, बाहेर लख्ख उजेड, पडदे उघडे, कोपऱ्यातला दिवा चालू, तरी पाचावर धारण बसलेली. दर गुरुवारी सात-आठ सिनेमे छापून यायचे, प्रत्येकाला ताऱ्यांऐवजी हॅलोविनचे भोपळे, पाचपैकी किती ते द्यायचे, आणि शेवटी एक ओळ. 'कुत्रा: सुखरूप' किंवा 'कुत्रा: गेला'. ही ओळ मात्र हार्लनची स्वतःची. टपाल वाटताना रस्त्यातल्या सगळ्या कुत्र्यांसाठी याच्या खिशात बिस्किटं असायची. सिनेमात माणसं किती मेली हे तो कधी विचारत नसे, पण कुत्र्याचं काय झालं हे मार्लिसला नक्की विचारायचा. गावकरीही तसेच. अख्खं गाव आधी शेवटची ओळ वाचायचं आणि मग ठरवायचं, सिनेमा बघायचा की नाही.

तीस वर्षं असं चाललं. मी चिडायचो, पण मनात म्हणायचो, जाऊ दे. ती बघते, तो लिहितो, दोघं खूश आहेत. माझ्या हाताचं काय, जाड कापड आहे, निभावतंय.

दोघंही निवृत्त झाली, आणि या वसंतात मार्लिसच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध जे असेल ते आता दिसायचं नाही, कडेचं तेवढं दिसत राहील. समोर उभ्या माणसाचं तोंड तिला दिसत नाही, पण खुर्चीखाली घरंगळलेली गोळी दिसते. कपात कॉफी ओतायची तर ती खिडकीकडे बघून ओतते. रडली नाही फारशी. एकदाच रडली, सप्टेंबरच्या शेवटी, माझ्या उजव्या बाजूला बसून. म्हणाली, "हार्लन, माझा ऑक्टोबर गेला रे."

हार्लनने तिचा हात हातात घेतला. "गेला कुठे? तीस वर्षं तू मला सांगितलंस. आता मी बघतो आणि तुला सांगतो."

"सगळं? जसंच्या तसं?"

"जसंच्या तसं."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मनात म्हटलं, आला बाबा एकदाचा माणसात.

कसला येतोय! एक तारखेला दुपारी दोन वाजता सिनेमा लागला, संगीत चढलं आणि उशी तोंडावर. आणि उशीच्या आतून हा सांगायला लागला!

"आता काय झालं?" मार्लिसने विचारलं.

"आता... तो चाकूवाला घसरून पडला."

"मग ती एवढी किंचाळली का?"

"अगं, तिच्या पायाला खडा टोचला."

मी कपाळाला हात लावला असता, पण मला कपाळ नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. साऱ्या जगात त्या सिनेमांत माणसं मरत होती, आमच्या घरात मात्र सगळे जगत होते. भूत माफी मागून निघून जायचं. कुऱ्हाडवाला लाकडं फोडायचा. गच्चीवरून ढकललेली बाई खाली गवताच्या गंजीवर पडायची आणि कपडे झटकून घरी जायची. मार्लिस टीव्हीकडे तोंड करून बसायची आणि नुसतं "असं होय?" म्हणायची. वाडग्यातल्या गोळ्या तशाच राहायला लागल्या. पहिल्या आठवड्यानंतर माझ्या फटीत एकही गोळी पडली नाही, यावरून काय ते समजा.

आणि हा गृहस्थ त्या थापा लिहून छापखान्याला पाठवतोय! मला तोंड असतं तर चावलो असतो.

मग तो बिस्किटचा सिनेमा आला. बिस्किट हे त्यातल्या कुत्र्याचं नाव. शेतावरचं एकाकी घर, मागे तलाव, म्हातारा शेतकरी आणि हा कुत्रा. वीस मिनिटं झाली, तलावातून काहीतरी बाहेर आलं, उशी तोंडावर गेली ती शेवटपर्यंत खाली आली नाही. शेवटी कुत्रा दोनदा भुंकला. हार्लनने तेवढं ऐकलं, मार्लिसला सांगितलं, "बिस्किट पोहत परत आला बघ!" आणि वहीत लिहिलं, 'कुत्रा: सुखरूप'.

हॅलोविन एकतीसला, पण आमच्याकडे पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागायला आदल्या दिवशी, तीस तारखेलाच येतात, संध्याकाळी सहा ते आठ, आणि दारात विनोद सांगितल्याशिवाय कुणाला गोळ्या मिळत नाहीत. मी दाराशेजारीच असतो, त्यामुळे मला सगळे विनोद पाठ आहेत आणि एकही धड नाही. हार्लन दारात, मार्लिस माझ्यावर. पावणेआठच्या सुमाराला शेजारची ग्रेचेन आली. चाळिशीची बाई, हातात दालचिनी घालून भाजलेल्या वड्यांचा ट्रे. आमच्याकडची माणसं भांडायलासुद्धा रिकाम्या हाताने येत नाहीत.

"अहो, आधी विनोद सांगा, मग आत या!" हार्लन खुशीत म्हणाला.

"विनोद? तो तुम्ही गुरुवारीच छापलात."

"म्हणजे?"

"माझा बार्नी ऑगस्टमध्ये गेला, हार्लन. चौदा वर्षांचा कुत्रा. तेव्हापासून मी काही बघितलं नव्हतं. तुम्ही लिहिलंत 'कुत्रा सुखरूप', म्हणून विश्वासाने लावला सिनेमा. विसाव्या मिनिटाला ते तलावातलं बिस्किटला ओढून घेऊन गेलं! मी रात्रभर रडले."

"पण... शेवटी भुंकला ना तो!"

"ते त्याचं भूत होतं!"

हार्लनच्या हातातून गोळ्या खाली सांडल्या. ग्रेचेनने ट्रे माझ्या हातावर ठेवला, "गरम आहेत, लगेच झाकू नका, मऊ पडतील," असं सांगून डोळे पुसत निघून गेली.

आठ वाजले. हार्लनने बाहेरचा दिवा मालवला आणि माझ्या डाव्या बाजूला बसला. बसला कसला, कोसळला.

"बिस्किट पोहत आला होता ना?" मार्लिसने विचारलं.

"अगं, तिने वेगळाच सिनेमा लावला असेल. एकाच नावाचे दोन असतात कधीकधी..."

"हार्लन." ती टीव्हीकडेच तोंड करून बसली होती, आणि टीव्ही तर बंद होता. "डॉक्टर काय म्हणाले, आठवतं? मला मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. टीव्ही मला दिसत नाही रे. तू दिसतोस."

हार्लनने पिवळी उशी हळूच पाठीमागे सरकवली. माझ्या पाठीला कळली.

"एक तारखेपासून बघतेय ती पिवळी उशी. रोज म्हटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. भितोस हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे, त्याचा कधी राग आला का मला? पण तू मला लहान पोरासारखं फसवलंस. शाळेतल्या पोरांनासुद्धा मी लांडग्याची गोष्ट लांडग्यासकट सांगायची. मला तुझी दया नको होती. मला सिनेमा पाहिजे होता."

"मला वाटलं... तुझं आधीच एवढं वाईट झालंय. त्यात आणखी मेलेली माणसं कुठे सांगू?"

"मेलेल्या माणसांसाठीच तर बसते मी!"

यावर हार्लन उठला आणि दारात सांडलेल्या गोळ्या वेचायला लागला. मला वाटलं, संपलं. आता उद्या सिनेमा नाही, पुढच्या वर्षी ऑक्टोबर नाही, आणि मला शांत म्हातारपण मिळणार. खरं सांगतो, मला ते नको होतं.

दुसऱ्या दिवशी, एकतीस तारखेला, दुपारचे दोन वाजले. हार्लन आला, पडदे लावले, कोपऱ्यातला दिवा मालवला. मी चाटच पडलो. मार्लिस आली, तिने चाचपून पिवळी उशी उचलली आणि तिच्यावर बसली.

"ही मिळणार नाही आता."

"नको मला," हार्लन म्हणाला.

सिनेमा सुरू झाला. एक घर, एक मुलगी, तिचा करडा कुत्रा आणि एक तळघर. संगीत चढलं. हार्लनची बोटं माझ्या हातावर आली. मी म्हटलं, घाल बाबा नखं, आज माझी काही तक्रार नाही.

"ती दार उघडतेय," तो म्हणाला. "आत पायऱ्या आहेत. अरे देवा... चौथ्या पायरीवर काहीतरी ओलं आहे. मार्लिस, केस आहेत ते. लांब केस. पायरीवरून खाली गेलेत. ती कुत्र्याला हाक मारतेय. कुत्रा खाली जातोय. अरे, जाऊ नको रे बाळा... गेला. मार्लिस, गेला तो. मला दिसतंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण डोळे उघडे होते. "आता ती खाली वाकलीय. आणि ते केस... ते केस वर यायला लागलेत. हळूहळू. आधी कपाळ दिसतंय..."

"थांब!" मार्लिस ओरडली. "थांब, थांब, जरा थांब!"

तिने दोन्ही हात डोळ्यांवर घट्ट धरले होते.

"अगं, तुला तर दिसतच नाही!"

"तुझं ऐकून दिसलं ना, मेल्या!" आणि ती अशी काही हसली की वाडगा उलटला आणि गोळ्या थेट माझ्या फटीत.

त्या आठवड्याच्या सदरात आधी ग्रेचेनची माफी मागितली होती, तिच्या पूर्ण नावानिशी, आणि पिवळ्या उशीची सगळी हकिगत. मग शेवटच्या सिनेमाला पाच भोपळे, आणि खाली एक ओळ. 'कुत्रा: गेला. या वेळी मी स्वतः बघितलं.'

आता माझं काय? माझा डावा हात कोपरापासून फाटलाय. कापूस बाहेर आलाय. मार्लिसला आता सुई दिसत नाही, म्हणून हार्लनने वर करड्या चिकटपट्टीचे चार थर दिलेत, चौकड्यांच्या कापडावर! या दोघांची मुलगी फोनवर म्हणते, "नवा सोफा घ्या, चामड्याचा." मार्लिस म्हणते, "बघू, ऑक्टोबरनंतर." तिचा ऑक्टोबर आता कधी संपायचा नाही हे मी ओळखून आहे, तेव्हा मला कुणी हलवत नाही.

माझी एकच विनंती आहे, कुणीतरी हार्लनपर्यंत पोचवा. पुढच्या ऑक्टोबरला अकरा महिने आहेत. तेवढ्यात एकदा तरी नखं काप रे बाबा.