ताशोब्याच्या वाटची आंबील

चार वर्षांनी घरी आलेला मुलगा गाडीत आईशी चार शब्द बोलेल की नाही? पण रुकुंगिरी गाव सुटल्यापासून ताशोब्या मागच्या सीटवर तोंड वासून घोरत होता, आणि त्याच्या मांडीवर डोकं ठेवून त्याची आठ वर्षांची लेक अतुकुंदाही. केडेरेसीला वाटलं, हा विमानातून आला की अख्खा डोंगर खणून आला?

"आई, टोरंटोत आत्ता पहाटेचे तीन वाजलेत," गाडी चालवणारी तिची धाकटी लेक न्सीमे म्हणाली. "अंगाला कळायला दोन-चार दिवस लागतात."

"ऊन डोक्यावर आलंय ते त्याच्या अंगाला दिसत नाही? या वळणांनी माझी आतडी पिळून निघाली, आणि हा पाळण्यात घातल्यासारखा."

तिच्या जिवाला खरा घोर वेगळाच होता. गाडी निघाली होती बुन्योनी तळ्याकाठी, तिच्या थोरल्या भावाकडे, बितारिहोकडे. दोन वर्षांमागे मामीच्या मातीला ताशोब्या आला नाही, तेव्हापासून मामाने भाच्याचं नाव टाकलं होतं. आज मामा स्वतःच्या हाताने ज्वारीच्या मुरवलेल्या, चढणाऱ्या आंबिलीने भरलेला भोपळ्याचा तुंबा पुढे करणार. भाच्याने रीतसर विचारपूस करायची, तुंबा शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा करायचा, की रुसवा मिटला. तिथे हा असाच पेंगला, तर बितारिहो दुसऱ्यांदा बोलावणाऱ्यातला नव्हता.

वाटेत आप्तांची तीन घरं. दारावरून गाडी तशीच पुढे नेली असती, तर वर्षभर तोंड दाखवायची सोय उरली नसती.

"पाहुणा कुठाय गं?" पहिल्या घरी चुलत जावेने तुंबा पुढे केला.

"निजलाय. आण इकडे, त्याच्या वाटची मी पिते."

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरची आंबील चांगली मुरलेली होती.

"जरा जपून हं, चढते ही," घरधनीण म्हणाली.

"मला चढेल अशी आंबील अजून कुणी केलेली नाही," केडेरेसीने सांगितलं आणि तुंबा उपडा करून दाखवला.

घाट उतरताना तळ्यातली बेटं तिला नेहमीपेक्षा दुप्पट दिसली. बितारिहोच्या अंगणात पोचले तेव्हा ऊन कललं होतं. ती चटईवर बसली, "दादा, हा बघ माझा..." एवढं म्हणाली, आणि पुढचं तिला आठवत नाही.

शुद्ध आली ती आवाजाने. लाजेने तिने डोळे मिटलेलेच ठेवले.

"मामा, गुडघा कसा आहे? वरच्या वाफ्यातले बटाटे निघाले? तांबडी गाय व्यायली का?" आवाज ताशोब्याचा होता, टक्क जागा.

"कालवड झाली. तुला कुणी सांगितलं?"

"आईने. दर रविवारी फोनवर सांगते."

दर रविवारी तिकडून नुसतं "हं, हं" यायचं. केडेरेसीला वाटायचं, तिकडेही झोपलाय.

"मामीच्या वेळी मी यायला हवं होतं," ताशोब्या म्हणाला. "तिकडे राहायचे कागद अडकले होते, पण ते तुम्हाला काय सांगायचं. चुकलो, मामा."

मामाने तुंबा पुढे सरकवल्याचं केडेरेसीला ऐकू आलं. मग तुंब्यातून घटाघटा आवाज आला, थांबला नाही, थांबला नाही, आणि रिकामा तुंबा चटईवर टेकला.

बितारिहो खोकत खोकत हसला. "झालं. आता तुझ्या आईला उठव. विमानातून तू आलास की ती?"

अतुकुंदा खिदळली. मग मात्र केडेरेसी उठून बसली, डोक्याचं फडकं नीट केलं, आणि जणू इतका वेळ विचारच करत होती अशा चेहऱ्याने लेकाकडे वळली.

"ताशोब्या, रेड्यासारखा झोपतोस, पण जागा व्हायच्या वेळेला जागा होतोस, एवढं मी कबूल करते. आता ऐक. परतीच्या वाटेवर तीच तीन घरं आहेत आणि गाडीत मी झोपणार आहे. तुझ्या वाटची तू प्यायचीस, आणि माझ्या वाटचीही."