गोवरात आलेली हाक

समर्थला गोवर आला आणि सासूबाईंना एकदाची माझी आठवण झाली.

"मंगल, आजपास्नं तूच बस त्याच्यापाशी," त्या म्हणाल्या. "माझी कंबर धरलीया, प्रियदर्शनी दोन जिवांची. तुला ल्हानपणी येऊन गेलाय न्हवं? एकदा आला की परत येत न्हाय."

मी थक्कच झाले. समर्थ माझ्या दिराचा आणि प्रियदर्शनीचा मुलगा, चार वर्षांचा. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात मलाही एचआयव्ही असल्याचं कळलं, तेव्हापासून माझी खोली परसात आणि ताट वेगळं. शिवल्यानं हा रोग लागत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. त्या पोराला कुणी एकदाही माझ्या मांडीवर दिलं नव्हतं. राग काय थोडा होता? पण ही हाक आली आणि तो कुठल्या कुठे पळाला.

आधी माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या आणायला बेळगावला जाणं भाग होतं. डॉक्टरीणबाईंना मी हसत हसतच सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्या मागच्या रक्ततपासणीचा निकाल त्यांनी पुन्हा पाहिला.

"त्या मुलाजवळ जायचं नाही, मंगल. गोवराशी लढायची ताकद तुमच्या रक्तात उरलेली नाही."

"मला येऊन गेलाय की, बाई."

"एचआयव्हीत ती ताकद कधी कधी निघून जाते. गोळ्यांनी तब्येत सुधारली तरी आपोआप परत येतेच असं नाही. आज लस देते. पण ती लागू होईपर्यंत दुसरीकडे राहा."

परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं दोनदा विचारलं, तेव्हा कुठे गावाचं नाव आठवलं.

कपडे घेऊन माहेरी जावं म्हणून आले, तर सासूबाईंनी समर्थच्या अंथरुणाशेजारी माझी चटई घालून ठेवलेली. तापानं लाल झालेल्या पोरानं हात पसरले. "काकू, ये की."

मी अंगणातच थांबले.

"आता का गं?" सासूबाईंनी विचारलं.

मी सांगितलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

"म्हंजे आमच्या पोरापास्नं तुला धोका?"

"व्हय."

"मग इतकी वर्सं आमी कुनाला कुनापास्नं जपत हुतो गं?"

समर्थ रडायला लागला. कधी नव्हे ते त्याला घ्यायला मला कुणी अडवत नव्हतं, आणि मी पदर तोंडावर धरून मागे सरकत होते.