सरकलेली पिवळी रेघ

पुढच्या चाकाच्या नटवरची पिवळी रेघ सरकली होती. आर्वोने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नट आवळून झाला की तो त्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची बारीक रेघ ओढायचा. रेघ सलग म्हणजे नट जागेवर, तुटली म्हणजे हलला. ओढली तेव्हा सलग असलेली रेघ आज तुटली होती, ब्रेकच्या बोल्टवरचीसुद्धा.

उभ्या गाडीचा नट आपोआप कशाला हलेल? मोटरसायकल नोव्हेंबरपासून गॅरेजात होती आणि बाहेर कॅनडातल्या थंडर बेचा कमरेएवढा बर्फ. कुठेतरी पाणी मुरत होतं.

जन्मभर शाळेची बस चालवलेल्या आर्वोला हिवाळा गाडीच्या कामासाठीच हवा असे. यंदा ब्रेक साफ करायचे, उंच हँडल घालायचं, सायलेन्सर बदलायचा आणि मे महिन्यात सुपीरियर सरोवराला फेरी मारायची, असा बेत होता. फक्त उजवा हात मधूनच बधिर व्हायचा. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. हात गेला म्हटलं की गाडीही गेली, हे त्याला ठाऊक होतं आणि त्याची त्याला फार भीती वाटत होती.

संशय पेल्टिएवर. शेजारी, जुना मित्र, गॅरेजची दुसरी किल्ली त्याच्याकडे. शिवाय शिकारीच्या दिवसांत तो म्हणाला होता, गाडी विकायची झाली तर आधी मला सांग. तेव्हापासून आर्वोच्या मनात पाल चुकचुकत होती. बायकोला, हेल्वीला, सांगितलं तर ती पुल्लाची, गोड पावाची, कणीक मळता मळता म्हणाली, पेल्टिएला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायचा कंटाळा, तो नट कशाला फिरवेल. ती इतक्या सहज बोलली, हेही आर्वोला खटकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या नेहमीच्या कॉफीला त्याने पेल्टिएला गाठलं.

"माझ्या गाडीचे नट ढिले करतोयस. मी आपटलो की स्वस्तात मिळेल, नाही का?"

पेल्टिएने कप खाली ठेवला.

"म्हाताऱ्या, रेघ कुठल्या बाजूला सरकलीय ते बघितलंस?" तो म्हणाला. "ढिला केला तर डावीकडे जाईल. घरी जा, बघ, आणि मग मला शिव्या दे."

आर्वो तरातरा घरी आला. गॅरेजात दिवा लागला होता. हेल्वी जाड कोट घालून चाकापाशी गुडघ्यावर बसली होती, हातात लांब दांड्याचा पाना. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो तिच्या शेजारी वाकला. रेघा उजवीकडे सरकल्या होत्या, झाडून सगळ्या. कुणी नट ढिले केले नव्हते. त्याने अर्धवट सोडलेले ते कुणीतरी पुरे आवळले होते.

"कधीपासून?"

"नाताळच्या आधीपासून. तू कॉफीला गेलास की येते."

"बोलली नाहीस."

"तू तरी हाताचं कुठे बोललास?" ती म्हणाली. "कप सुटतात तुझ्या हातून, आर्वो. मी काय आंधळी आहे?"

त्याला राग यायला हवा होता. लाज तेवढी वाटली, तीही पेल्टिएची जास्त. संध्याकाळी सौनात वाफ घ्यायला ये, म्हणून त्याला फोन केला. तो काही न विचारता हो म्हणाला.

मग आर्वोने सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. हेल्वीचा मोटरसायकलचा परवाना अजून चालू होता. दर वेळी ती तो न चुकता नवा करून घ्यायची आणि दर वेळी आर्वो तिला हसायचा. हँडल नको, सायलेन्सर नको, असं त्याने दुकानदाराला सांगितलं. एकट्याची सीट काढून दोघांची बसवायची होती.

"हेल्वी मागे बसणार म्हण की यंदा," दुकानदार म्हणाला.

"नाही. मी."

मग पाठीला टेकू असलेली हवी की साधी, असं दुकानदाराने विचारलं.

"टेकूची दे," आर्वो म्हणाला.