घर रिकामे मिळाले

चष्म्याच्या दुकानात आठवडाभर काचा घासणारी बाई आज सुट्टी असूनही सकाळपासून घर घासत सुटली होती. कारणही तसेच होते. तिच्या लेकीला, चिमीला, अठरा वर्षे पूर्ण झाली होती आणि आज तिची पहिली सही होती.

त्या शहरात ही रीतच आहे. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या एका वस्तीतली माणसे तीन दिवसांत कापून काढली गेली. वाचली ती परागंदा झाली आणि त्यांच्या घरांत बाकीचे राहायला आले. तेव्हापासून वर्षातून एकदा वॉर्डाचा कारकून दारोदार फिरतो. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाने एका ओळीखाली सही करायची: 'घर रिकामे मिळाले.' पोराची पहिली सही म्हणजे तर कौतुकच कौतुक. नवे कपडे, नवे पेन, शेजाऱ्यांच्या शाबासक्या! खोटेपणाचा असा थाटमाट दुसरीकडे कुठे नसेल.

बाईला थाटमाटाचे काही नव्हते. तिला लेकीचा पासपोर्ट हवा होता. सही नाही तर पासपोर्ट नाही, आणि परदेशातल्या कॉलेजात मिळालेला प्रवेशही बुडाला. या देशातून निघून जायचे वेड एके काळी तिलाही होते. पण नवरा अचानक गेला, म्हातारे वडील गळ्यात आले आणि सगळे राहून गेले. निदान लेक तरी सुटावी, एवढ्याचसाठी ती दिवस ढकलत होती.

कारकून आला, चहा प्याला, फॉर्म पुढे सरकवला. चिमीने पेन उचलले आणि ती थांबली.

"आजोबा, हे आपलं घर खरंच रिकामं होतं?"

अण्णा, म्हणजे बाईचे वडील, खिडकीशी बसले होते. ते कुलपे दुरुस्त करायचे. त्या तीन दिवसांत दारे उघडायला शिपायांनी त्यांना सोबत नेले होते. घरात हे सगळ्यांना ठाऊक होते, पण कोणी विषय काढत नसे.

"चिमे, नसत्या चौकशा नकोत," बाई घाईने म्हणाली. "सही कर आणि मोकळी हो."

"दाराला आतून कडी होती," अण्णा म्हणाले. "रिकाम्या घराला आतून कडी कोण लावेल?"

"मग तुम्ही दार तोडलंत?"

"तोडावंच लागलं नाही गं. आतून त्या घरची बाई म्हणाली, कोण आहे? मी म्हटलं, मी कुलूपवाला. आदल्याच महिन्यात तिचं कपाट दुरुस्त करून दिलं होतं मी. आवाज ओळखला तिनं. कडी काढली. शिपाई माझ्या मागेच उभे होते."

कारकुनाने घसा साफ केला. "वय झालंय त्यांचं. चालायचंच. चहा मात्र फक्कड झाला होता, ताई."

चिमीने पेन खाली ठेवले. "मी नाही सही करणार."

बाईच्या पायाखालची जमीन सरकली. लेकीचा दंड धरून तिने तिला स्वयंपाकघरात ओढले.

"अख्ख्या देशाचं पाप तू एकटीनं कशाला डोक्यावर घेतेस? तुझा जन्म तरी झाला होता का?"

"मग कोणी घ्यायचं, आई?"

"कोणी का घेईना! तू इथून जा, बाई. तुझ्या पाया पडते." आणि ती खरोखरच वाकली.

चिमीने तिला उठवले, बाहेर जाऊन सही केली आणि पुन्हा आईकडे पाहिले नाही.

ती परदेशी गेली. अण्णा त्याच हिवाळ्यात वारले. शेवटपर्यंत नातीचा फोन आला की ते तोंड फिरवून बसत. एकदा बाईने हौसेने विचारले, "तिथले लोक तुला कुठली म्हणून विचारतात का गं?"

"विचारतात," चिमी म्हणाली. "मी दुसऱ्याच देशाचं नाव सांगते."

फोन ठेवून बाई रडली, अगदी ढसाढसा. लेकीला सोडवायचे म्हणून आपणच तिच्या हातून ते खोटे लिहवून घेतले, आणि आता ते तिच्या जिभेवर बसले आहे, हे तिला लखलखीत दिसले.

वर्षाने कारकून पुन्हा आला. बाईने फॉर्मवरची ओळ खोडली आणि वर लिहिले, 'घरात एक बाई होती. आम्ही तिला मारेकऱ्यांच्या हवाली केले.' अक्षर स्वच्छ आले. आता आरडाओरड होईल, पोलीस येतील, नोकरी जाईल. तिची सगळी तयारी होती.

कारकुनाने ते वाचले. रागावला नाही, उलट त्याला तिची कीवच आली. कागदाची घडी घालून त्याने खिशात ठेवली आणि पिशवीतून कोरा फॉर्म काढला.

"राहू द्या, ताई. जिवाला लावून घेऊ नका. गेल्या वर्षीची सही बघून मीच करून टाकतो तुमची." त्याने केलीही. "दर वर्षी कराव्या लागतात अशा. पुष्कळ घरांच्या."

"पुष्कळ?" बाईने दाराची चौकट धरली. "कोणाकोणाच्या? याच इमारतीतल्या?"

"ते सांगायची परवानगी नाही."

तो वरच्या मजल्याकडे निघाला. बाई त्याच्या मागोमाग जिना चढू लागली. कोणत्या दाराशी त्याला जास्त वेळ लागतो, तेवढे तरी तिला पाहायचे होते. तिसऱ्या पायरीवर कारकून वळला आणि अगदी अदबीने म्हणाला, "ताई, घरात जा. दार लावून घ्या."